सात नंबरचा उतार

मला चादरीवरची सुरकुती खपत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे घडलं त्याचं मूळ माझ्या या खोडीत आहे. नवरा म्हणतो, तो पाणी प्यायला उठला तर परत येईपर्यंत मी त्याच्या बाजूची चादर ओढून नीट केलेली असते. हे खोटं आहे. निदान रोज तरी मी असं करत नाही.

तेव्हा आम्ही सिंगापूरला, क्लेमेंटी भागात भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहत होतो. नवरा जवळच्याच युनिव्हर्सिटीत पोस्टडॉक करत होता आणि मी तांजोंग पगारला एका लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत मॅनेजर होते. मॅनेजर म्हणजे काय, तर हाताखाली चार जण आणि डोक्यावर एक बॉस. बॉस सिंगापूरचाच, चिनी, मनानं चांगला, फक्त त्याला प्रत्येक गोष्ट शुक्रवारपर्यंत हवी असायची.

एका सोमवारी त्यानं सांगितलं की आपल्याला स्कीचं काम मिळालंय. होक्काइदोमधला एक डोंगर, त्यावर चौदा उतार. सिंगापूरच्या एका कंपनीनं तो डोंगर नुकताच विकत घेतला होता आणि त्यांना तिथला सगळा कारभार संगणकावर आणायचा होता. आमच्या वाट्याला आलं ते बर्फ विंचरायचं काम.

विंचरायचं म्हणजे अक्षरशः विंचरायचं. ताजा बर्फ भुसभुशीत असतो, त्यात नवशिका माणूस गुडघ्यापर्यंत रुततो आणि पडतो. म्हणून माणसांना डोंगरावर नेणारी लिफ्ट संध्याकाळी बंद झाल्यावर पट्ट्यांच्या चाकांची मोठी यंत्रं उतारावर फिरवतात. ती बर्फ दाबतात, सपाट करतात आणि मागे फणी फिरवल्यासारख्या रेघा सोडत जातात. सकाळी लोक त्या रेघांवरून सुळकन खाली येतात. कुठलं यंत्र कुठल्या उतारावर आधी न्यायचं, कुठे दोनदा फिरवायचं, हे ठरवून देणारं सॉफ्टवेअर आम्ही लिहायचं होतं.

आमच्या पाच जणांच्या टीममध्ये एकानंही बर्फ पाहिलेला नव्हता. मी पुण्याची, दुसरा डोंबिवलीचा, एक चेन्नईची, दोघं इथलेच. बाहेर बारा महिने तेहतीस डिग्री. उंटावरून शेळ्या हाकणं याला म्हणतात. डोंबिवलीकर पहिल्याच दिवशी म्हणाला, "अगं, आपण फ्रीजर उघडून बघू या का? निदान सुरुवात तरी होईल."

बॉसला आमची दया आली असावी. त्यानं एका दुपारी सगळ्यांना जुरोंगमधल्या एका मोठ्या थंड शेडमध्ये नेलं. तिथे माणसानं बनवलेला बर्फ होता आणि एकच घसरगुंडी. भाड्याचे कोट आणि बूट घालून आम्ही रबरी टायरवर बसून एकामागून एक खाली आलो. चेन्नईवाली दर वेळी डोळे मिटून यायची. डोंबिवलीकरानं सेरंगूनच्या मॉलमधून त्यासाठी लोकरी टोपी आणली होती आणि ती नंतर महिनाभर ऑफिसमध्ये एसीत घातली. चाळीस मिनिटांत आमचं बर्फाचं शिक्षण पूर्ण झालं. त्या शेडमधला बर्फ नीट दाबलेला, गुळगुळीत, एकसारखा होता. मला तो फार आवडला.

डोंगरावर बर्फ विंचरणाऱ्यांचे जे प्रमुख होते त्यांच्याशी दर मंगळवारी व्हिडिओवर बोलणं व्हायचं. साठीचे, हडकुळे, चेहऱ्यावर गॉगलच्या आकाराचा गोरा पट्टा. तीस वर्षं ते त्याच डोंगरावर होते. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. त्यांची बायको डोंगराच्या पायथ्याशी पाहुण्यांसाठी खोल्या चालवायची आणि ऑस्ट्रेलियन पाहुण्यांमुळे तिचं इंग्रजी बरं झालं होतं, म्हणून दुभाषाचं काम तीच करायची. आम्ही आपसात त्यांना काका आणि काकू म्हणू लागलो. चेन्नईवालीही काकाच म्हणायची, आणि पुढे तर बॉससुद्धा विचारू लागला, "काका ओके विथ दिस, अर नॉट?"

काका चौदापैकी तेरा उतारांबद्दल अगदी मोकळेपणानं बोलायचे. कुठे वाऱ्यानं बर्फ साठतो, कुठे दुपारी ऊन लागून कडक होतो, सगळं. सात नंबर आला की मात्र म्हणायचे, "सात मी बघतो." काकू तेवढंच सांगायच्या. मी वहीत लिहून घेतलं: सात, प्रमुखांच्या मर्जीनं. मर्जी म्हणजे काय, हे विचारायचं मला सुचलंच नाही. मला वाटलं, म्हातारा माणूस आहे, असेल एखादी सवय.

मग मी रंग ठरवले. विंचरून झालेला उतार हिरवा, काम चालू असलेला पिवळा, न विंचरलेला लाल. वर मोठ्या आकड्यात, किती विंचरून झालं त्याची टक्केवारी. दोन मिनिटांचं काम. कुणाशी चर्चाही केली नाही, कारण त्यात चर्चा करण्यासारखं काय होतं? आवरलेलं चांगलं, न आवरलेलं वाईट. मला हे आईनं शिकवलं होतं, तिला तिच्या आईनं. बॉस पडद्याकडे बघून खूश झाला. "व्हेरी क्लियर, लाह. ऑल ग्रीन, एव्हरीबडी हॅपी."

डिसेंबरात डोंगर सुरू झाला आणि आमचं सॉफ्टवेअरही. सुरळीत चाललं. फक्त सात नंबर कायम लाल. बाकी तेरा हिरवेगार आणि मधे हा एक लाल पट्टा. माझ्या डोळ्यांत तो खुपायचा. दर महिन्याच्या अहवालात तो मालकांकडेही जायचा आणि तिथून बॉसला विचारणा व्हायची की सात नंबरचं काम राहतंय का. बॉस मला विचारायचा, मी काकांना विचारायची, काकू म्हणायच्या, "सात ते बघतात."

जानेवारीच्या शेवटी काकांना नव्या यंत्राच्या प्रशिक्षणासाठी दोन दिवस सप्पोरोला जावं लागलं. ते गेले नेमका त्याच संध्याकाळी प्रचंड बर्फ पडला. मागे त्यांचा हाताखालचा माणूस होता, आज्ञाधारक आणि नवीन. त्यानं पडदा उघडला. सात लाल. लाल म्हणजे काम बाकी. त्यानं दोन यंत्रं सातवर घातली आणि सकाळपर्यंत सगळा उतार इस्त्री केल्यासारखा करून ठेवला. वरचा आकडा पहिल्यांदाच शंभर झाला. मी ऑफिसला पोचले तर डोंबिवलीकर खुर्चीतून उठून टाळ्या वाजवत होता. मीही वाजवल्या. चहाबरोबर काया टोस्ट, म्हणजे नारळाचा जॅम लावलेला पाव, मागवला.

दुसऱ्या दिवशी मेल आला. काकांचा, काकूंच्या इंग्रजीत. "आपण सर्वांनी घेतलेल्या मेहनतीबद्दल मनापासून आभार. सात नंबर आता अतिशय सपाट आहे."

मी तो दोनदा वाचला. तिसऱ्यांदा वाचल्यावर कळलं, हे आभार नव्हेत, तक्रार आहे.

मंगळवारी मी विचारलं आणि तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं. डोंगरावर सगळे उतार विंचरायचे नसतात. ज्यांना चांगलं येतं ते लोक ताज्या, न दाबलेल्या बर्फासाठीच जीव टाकतात. त्यात माणूस घसरत नाही, तरंगतो म्हणे. पूर्वी त्या डोंगरावर असे पाच उतार होते. गर्दी वाढली, नवशिके वाढले, एकेक करून चार विंचरले जाऊ लागले. काकांची त्याला ना नव्हती, नवशिक्यांनाही खाली यायचंच असतं. पण सात त्यांनी राखला होता. बर्फ पडला की सकाळी जुनी माणसं वर जाऊन उताराच्या तोंडाशी बांधलेल्या दोरीपाशी उभी राहायची आणि काका दोरी काढायचे. त्या सकाळीही ती माणसं आली होती. सपाट उतार पाहिला आणि स्की खांद्यावर टाकून परत गेली. काकू हे सगळं सांगत होत्या आणि काका कॅमेऱ्याकडे न बघता हातमोज्याचा धागा ओढत होते.

मला फार लाज वाटली. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं स्वतःला म्हणून हसण्याचा प्रयत्न केला, पण हसू येईना. मी तीस वर्षांच्या कामावर दोन मिनिटांत लाल रंग फासला होता.

एवढ्यावर भागलं असतं तर माफी मागून मोकळी झाले असते. पण मालकांनी त्या दिवसाचे आकडे पाहिले. सपाट सात नंबरवरून त्या दिवशी कधी नव्हे एवढी माणसं उतरली होती. साहजिकच होतं, सपाट म्हटल्यावर सगळेच उतरणार. त्यांचं पत्र आलं की पुढच्या हंगामापासून सात रोज विंचरावा. मे महिन्यात सिंगापूरला आढावा बैठक ठेवली, त्यात शिक्कामोर्तब होणार होतं. काकांनी कळवलं की आपण स्वतः येणार. आणि सात रोज विंचरायचा असेल तर यंत्राची किल्ली तिथेच टेबलावर ठेवून परत जाणार.

बॉसनं मला खोलीत बोलावलं. "मीटिंगमध्ये म्हण, कॉन्फिगरेशन इश्यू होता. रंगाबिंगाचं काही काढू नको, हां? कॅन?" मी म्हटलं, कॅन. मला त्या वर्षी वरची जागा मिळायची होती आणि बॉसचं म्हणणं व्यवहाराला धरूनच होतं.

काका-काकू शनिवारी आले. बैठक सोमवारी. रविवारी त्यांना फिरवायचं काम माझ्याकडे आलं आणि मी माझ्या स्वभावाप्रमाणे अर्ध्या अर्ध्या तासाची यादी केली. मदतीला नवऱ्याला घेतलं. सकाळी आधी बॉटॅनिक गार्डन. काका खरोखर छोटे होते, पडद्यावर वाटायचे त्याहून छोटे, आणि काकू उंच. काकूंचा उजवा गुडघा दुखरा होता. दोनदा शस्त्रक्रिया झालेली, चालताना किंचित लंगडायच्या, पण थांबायला तयार नसायच्या. काकांनी हिरवळीवर वाकून तळवा फिरवला. काकूंनी सांगितलं, "म्हणतात, चांगलं काम आहे." पुढे कापलेली झुडपं पाहिली, "चांगलं काम." रस्त्याच्या कडेची झाडं पाहिली, "चांगलं काम." मग ते थोडं थांबून काहीतरी म्हणाले आणि काकू हसल्या.

"विचारतायत, न कापलेलं कुठे आहे?"

मी यादीकडे बघितलं. यादीत असं काही नव्हतं. नवऱ्याचा चेहरा मात्र उजळला. आमच्या घरामागून मलेशियाकडे जाणारी जुनी रेल्वेलाइन होती. काही वर्षांपूर्वी गाड्या बंद झाल्या, रूळ काढून नेले आणि ती जागा तशीच पडून राहिली होती. तिचं काय करायचं यावर लोक वाद घालत होते, कुणाला फरसबंदी हवी, कुणाला आहे तसंच रान. नवरा दर रविवारी तिकडे भटकायचा आणि चिखलाचे बूट घेऊन यायचा. त्या बुटांवरून आमची किती भांडणं झाली असतील! मी स्वतः एकदाही गेले नव्हते.

"यादी गुंडाळ," नवरा म्हणाला. "काकांना मी नेतो."

मधोमध माणसांच्या पायांनी तुडवून घट्ट झालेली पाऊलवाट होती, दोन्ही बाजूंना गुडघाभर गवत, डबकी, चिखल. आदल्या दिवशी पाऊस झाला होता. काका सरळ गवतात शिरले. नवरा त्यांच्यामागून. दोघांना एकमेकांचं एक अक्षरही कळत नव्हतं, तरी ते सतत बोलत होते आणि बोटं दाखवत होते. मी आणि काकू मागून घट्ट वाटेवरून. काकूंचा गुडघा त्या वाटेवर बरा चालत होता.

मी आठवडाभर माफीची वाक्यं जुळवत होते. म्हटलं, आता बोलावं, उद्या बैठकीत जमणार नाही. मी काकूंना सांगितलं की तो लाल रंग मी दिला होता. न विचारता दिला, मला काही कळत नव्हतं म्हणून दिला. त्या दिवशी माझ्यामुळे सगळ्यांचाच दिवस वाया गेला, हे कृपा करून काकांना सांगा.

काकूंनी काकांना हाक मारली नाही. थोडं चालल्या.

"सगळ्यांचा नाही," त्या म्हणाल्या.

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. लग्नाआधीपासून त्या दोघांचा उतार सातच. बर्फ पडला की पहाटे दोघं वर जायचे आणि एकत्र खाली यायचे. नऊ वर्षांपूर्वी गुडघा गेला आणि डॉक्टरांनी भुसभुशीत बर्फ कायमचा बंद केला. तेव्हापासून काका वर आणि त्या खाली, स्वयंपाकघराच्या खिडकीत. त्या दिवशी काका सप्पोरोत असताना शेजारीण सांगत आली की सात सपाट झालाय. काकूंनी माळ्यावरून स्की काढल्या. "मी तीन वेळा उतरले," त्या म्हणाल्या. "हळू. वळणं सगळी आठवत होती." त्यांचे डोळे भरले होते आणि त्या हसत होत्या. "दुसऱ्या दिवशी ते परत आले, त्यांनी सांगितलं तसा तो मेल मी तुम्हाला लिहिला. त्यांना हे माहीत नाही. तो उतार त्यांचा जीव आहे. मी कुठल्या तोंडानं सांगू, की तो बिघडला आणि मला आनंद झाला?"

मी त्यांचा हात धरला. इतके महिने ज्या चुकीचं ओझं मी वाहत होते ती चूक कुणाला तरी तीन वेळा डोंगरावरून खाली घेऊन आली होती, आणि तरी ती चूकच होती. दोन्ही खरं होतं, आणि मला अशा दोन्ही खऱ्या असणाऱ्या गोष्टी मुळीच आवडत नाहीत.

तेवढ्यात काका पुढून ओरडले. गवतातून एक घोरपड निघाली होती, चांगली हातभर, आणि त्यांना ती काकूंना दाखवायची होती. आम्ही जाईपर्यंत ती डबक्यापलीकडे गेली. काका तिची चाल करून दाखवत होते. काकूंनी त्यांच्याकडे बघितलं आणि तिथेच, वाटेवर उभ्या राहून, बोलायला लागल्या. मला जपानी येत नाही. पण त्या काय सांगत होत्या हे मला कळत होतं, कारण काकांचे हात हळूहळू खाली आले.

नवरा मला विचारू लागला, काय झालं, मी त्याला गप्प केलं. मग काकांनी एकच काहीतरी विचारलं. काकूंनी उत्तर द्यायला हात वर केला आणि हवेत वरपासून खालपर्यंत एक लांब वळणांची रेघ काढली. काकांनी मान डोलावली.

परत येताना ते पुढे गेले नाहीत. काकू घट्ट वाटेवरून चालत होत्या, आणि ते शेजारून, गवतातून, चिखलातून, त्यांच्या बरोबरीनं. घरी मी सगळ्यांना कांदेपोहे केले. काकांनी दोनदा घेतले आणि पायमोजे आमच्या बाल्कनीत वाळत घातले.

सोमवारी बैठकीत मालकांकडून एक पन्नाशीच्या बाई आल्या. चटपटीत, हसऱ्या, घड्याळाकडे लक्ष असलेल्या. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. आमची शेजारची कुटुंबं डिसेंबरच्या सुट्टीत मुलांना घेऊन बर्फ बघायला जातात, त्यांना सपाट उतार हवेत, आणि ते गेले तरच डोंगर चालेल. "आणि रिपोर्टच सांगतोय," त्या म्हणाल्या. "हा एक उतार पूर्ण हंगाम लाल."

बॉसनं माझ्याकडे बघितलं. मला कॉन्फिगरेशन हा शब्द म्हणायचा होता. तोंडापर्यंत आलाही होता. पण समोर काका दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले होते, खिशात किल्ली असावी, आणि मी म्हणाले, "तो रंग मी दिला. मॅडम, मला सगळं आवरलेलं लागतं, म्हणून जे विंचरलेलं नाही ते सगळं मी लाल केलं. त्याआधी मी फक्त जुरोंगच्या शेडमधला बर्फ पाहिला होता. सातवर काम राहिलेलं नव्हतं. तो तसा ठेवणं हेच काम होतं."

बॉसनं डोळे मिटले. बाई माझ्याकडे बघत राहिल्या, मग मोठ्यानं हसल्या. "जुरोंग? खरंच?" खरंच, मी म्हटलं. टायरवरून.

काकूंनी ते काकांना सांगितलं, यावेळी पूर्ण, काही न गाळता. काकांनी ऐकून घेतलं. मग दुभाषाची वाट न बघता त्यांनी स्वतःच एक इंग्रजी शब्द उच्चारला.

"हाफ."

काकांनी माझ्या वहीतलं पान मागितलं आणि उताराचं चित्र काढलं, मधोमध वरपासून खालपर्यंत रेघ. एक बाजू रोज विंचरायची, ज्याला हवं त्यानं तिथून यावं. झाडांकडची दुसरी बाजू सोडायची, तिथे सावली असते, बर्फ टिकतो. सपाटावरून येणाऱ्याला वाटलंच तर दोन वळणं पलीकडे जाऊन बघता येईल, घाबरला तर परत अलीकडे. बाईंनी चित्र उलटसुलट करून पाहिलं. "हे लोकांना विकता येईल," त्या म्हणाल्या. "एक हंगाम करून बघू." काकांनी खिशात हात घालून किल्ली चाचपली आणि हात रिकामाच बाहेर काढला. मग आम्ही सगळे खाली हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांवर, जेवायला गेलो आणि काकांना लाक्साच्या तिखट रश्शाचा असा ठसका लागला की बॉस स्वतः उसाचा रस आणायला धावला.

वरची जागा त्या वर्षी मला मिळाली नाही. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. शिवाय आमच्या सॉफ्टवेअरमध्ये अर्धा उतार बसेना. एक उतार म्हणजे एक ओळ, अशी आम्ही मुळातच रचना केली होती, ती उकलायला तीन आठवडे लागले आणि डोंबिवलीकरानं या काळात माझ्याशी फक्त कामापुरतं बोलणं ठेवलं. शेवटी सातच्या दोन ओळी झाल्या. झाडांकडच्या बाजूला कुठला रंग द्यायचा असं काकांना विचारलं, तर म्हणाले, रंग कशाला. मग दिला नाही. वरची टक्केवारीही काढून टाकली. ती गेल्याचं कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

जानेवारीत एका सकाळी ऑफिसला पोचले तर काकांचा मेल होता. यावेळी काकूंच्या इंग्रजीत नव्हता. संगणकाकडून भाषांतर करून घेतलेला, वाक्यं तुटक. त्यांनी तो काकूंना न सांगता लिहिला असावा.

"काल बर्फ पडला. सकाळी सात नंबर. ती तिच्या बाजूनं, मी माझ्या बाजूनं. अर्ध्यात ती रेघ ओलांडून माझ्याकडे आली. मी नको म्हणून ओरडलो. तिनं ऐकलं नाही. दोन वळणं चांगली घेतली, तिसऱ्याला पडली. गुडघा ठीक आहे. कमरेपर्यंत बर्फात बसून ती खूप हसली. मी तिच्याशेजारी बसलो. आम्ही उठलो नाही. लोक बाजूनं जात होते. नऊ वर्षांनी."

मी ते वाचलं आणि जागेवर बसून रडले. डोंबिवलीकर घाबरून विचारू लागला, "काय गं, सिस्टिम डाऊन आहे का?" मी नाही म्हणून मान हलवली आणि पडदा त्याच्याकडे वळवला. त्यानं वाचलं, आणि खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसला.